शरीरक्रियाशास्त्र आणि इम्युनॉलॉजी यांच्या सीमेवर संशोधक कसे व्हावे: पदवीपासून स्वतःच्या प्रयोगशाळेपर्यंतची वाट

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी संशोधनाविषयी विचारायला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘नेट देऊ की गेट?’ असा असतो, आणि मी त्यांना उलट विचारते की तुम्हाला शरीरातली कोणती गोष्ट मोजावीशी वाटते. हा प्रश्न त्यांना अनपेक्षित असतो, कारण आपल्याकडे करिअरचा विचार परीक्षेपासूनच सुरू होतो. पण बारावीनंतर पदवीची ३ वर्षे, एम.एस्सी.ची २, पीएच.डी.ची ५ ते ६ आणि पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत केलेल्या संशोधनाची, ३ ते ५ असा हिशेब मांडला, तर स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत १३ ते १६ वर्षे जातात. एवढा काळ माणसाला टिकवून धरते ती मोजण्याची ओढ आणि मोजलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवता येईल अशी हाताची सवय. म्हणून ह्या लेखात परीक्षेचा क्रमांक पहिला लावलेला नाही.

विषयाची हद्द ओळखा आणि एक पाय घट्ट रोवा

अभ्यासक्रमात शरीरक्रियाशास्त्राचा, म्हणजे फिजिऑलॉजीचा, पेपर वेगळा आणि इम्युनॉलॉजीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा, वेगळा असतो. शरीरात मात्र अशी वाटणी नाही. साधा ताप घ्या. जंतूंची चाहूल लागल्यावर प्रतिकारशक्तीच्या पेशी इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ यांसारखी सायटोकाइन्स, म्हणजे पेशींमधले संदेश वाहणारी प्रथिने, सोडतात, त्यांच्यामुळे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या परिसरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होते, आणि शरीर स्वतःचे तापमान ज्या पातळीवर राखत असते ती पातळीच वर सरकते. ह्या साखळीचा पहिला अर्धा भाग इम्युनॉलॉजीचा आणि दुसरा शरीरक्रियाशास्त्राचा आहे, आणि दोन्ही भाग एकत्र पाहणारी माणसे आजही कमी आहेत.

२००० साली केविन ट्रेसी यांच्या गटाने रॅट ह्या, उंदरापेक्षा मोठ्या, प्राण्यावर प्रयोगशाळेत केलेला प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला देते. जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनमुळे प्राण्याच्या रक्तातले टीएनएफ, हे दाह वाढवणारे एक सायटोकाइन, झपाट्याने वाढते आणि रक्तदाब कोसळतो. ह्या गटाने मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूला विजेची उत्तेजना दिली, तेव्हा टीएनएफची वाढ रोखली गेली आणि रक्तदाबही सावरला. पुढच्या दशकात असे दिसून आले की हा संदेश प्लीहेपर्यंत पोचतो आणि तिथे ॲसेटिलकोलीन, हे एरवी चेतातंतूंचे संदेशवाहक रसायन, तयार करण्याचे काम चक्क प्रतिकारशक्तीच्या काही टी-पेशी करतात. हा शोध लागण्यासाठी एकाच प्रयोगशाळेत चेतातंतू सोडवून त्यावर इलेक्ट्रोड बसवणारा, सतत रक्तदाब नोंदवणारा हात लागत होता, तसाच सायटोकाइन नेमकेपणाने मोजणारा हातही लागत होता.

यातून माझा ठाम सल्ला असा की सीमेवर काम करायचे असेल तर एका बाजूला पाय आधी घट्ट रोवावा. शरीरक्रियाशास्त्राच्या बाजूला शस्त्रक्रिया, रक्तदाब व ईसीजीची सलग नोंद, श्वसनाचे मापन, संप्रेरकांचे मापन, पेशींची विद्युत्-नोंद ही कौशल्ये येतात. इम्युनॉलॉजीच्या बाजूला फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून लेझरने मोजण्याचे तंत्र), पेशीसंवर्धन, एलायझा (प्रथिने मोजण्याची चाचणी) आणि जनुकबदल केलेल्या उंदरांची हाताळणी येते. पीएच.डी.त एका बाजूचे कसब पूर्ण आत्मसात करावे आणि पोस्टडॉकमध्ये दुसऱ्या बाजूला जावे. दोन्हींचे थोडे थोडे घेऊन पीएच.डी. केलेल्या माणसाला पुढे दोन्हीकडचे तज्ज्ञ आपला मानत नाहीत, हे मी अनेक मुलाखतींच्या खोल्यांत पाहिले आहे.

पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण

बंगालमध्ये फिजिऑलॉजी हा बी.एस्सी.चा स्वतंत्र ऑनर्स विषय म्हणून शिकवला जातो. महाराष्ट्रात तो बहुतेक ठिकाणी प्राणिशास्त्राच्या पोटात येतो. त्यामुळे आपल्याकडचा विद्यार्थी प्राणिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा लाइफ सायन्सेस यांपैकी कोणतीही पदवी घेऊन ह्या क्षेत्रात येऊ शकतो आणि पदवीच्या नावाने फारसा फरक पडत नाही. एम.एस्सी. निवडताना मात्र एकच गोष्ट बारकाईने पाहावी: शेवटच्या सत्रात पूर्ण वेळ प्रयोगशाळेत बसून प्रबंध करायला मिळतो की नाही. केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाचे अर्थसाहाय्य असलेल्या एम.एस्सी. अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी ही परीक्षा असते, आणि आयआयटी किंवा तत्सम संस्थांतील एम.एस्सी.साठी जॅम असते. प्रवेश कुठेही मिळो, संख्याशास्त्राचा एक पेपर आणि ‘आर’ किंवा ‘पायथन’ यांपैकी एक भाषा ह्या दोन वर्षांतच शिकून घ्यावी. आजकाल एका फ्लो सायटोमेट्रीच्या प्रयोगातून निघणारी माहिती एक्सेलमध्ये मावत नाही, आणि पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी हे शिकायला बसणे फार जड जाते.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी वाट वेगळी आहे आणि माझ्या मते तिचा पुरेसा उपयोग होत नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, अल्पमुदतीची विद्यार्थी संशोधन योजना, जी विद्यार्थ्यांमध्ये ‘एसटीएस’ म्हणून ओळखली जाते, पदवी चालू असतानाच सुमारे दोन महिन्यांचे स्वतःचे काम करण्याची संधी देते. पुढे नीट-पीजीतून एम.डी. फिजिऑलॉजी तीन वर्षांचे. ही शाखा ‘उरलेली’ म्हणून घेतली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण रुग्णालयाच्या आवारात बसलेल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाला रुग्णांचे नमुने, वैद्यकीय नोंदी आणि उपचार करणारे सहकारी एका जिन्याच्या अंतरावर उपलब्ध असतात, जे शुद्ध विज्ञानाच्या संस्थेत बसलेल्या माझ्यासारखीला पत्रव्यवहार करून मिळवावे लागते. वैद्यकीय महाविद्यालयांतली एम.एस्सी. फिजिऑलॉजी ही पदवीही आहे. पण वैद्यकीय पदवी नसलेल्या शिक्षकांना तिथे किती जागा असाव्यात याचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, म्हणून त्या वाटेने जाणाऱ्याने राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे चालू नियम स्वतः वाचावेत.

पहिल्यांदा प्रयोगशाळेत पाऊल

संशोधन आपल्याला झेपते का, हे प्रयोगशाळेत दोन महिने काढल्याशिवाय कळत नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची एकत्रित उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती, बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्राची उन्हाळी योजना आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उन्हाळी विद्यार्थी योजना ह्या तिन्हींचे अर्ज आदल्या हिवाळ्याच्या सुमारास मागवले जातात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच तयारीला लागावे. त्याशिवाय थेट ई-मेल पाठवूनही जागा मिळते. त्या ई-मेलमध्ये ‘आदरणीय सर/मॅडम, मला आपल्या संशोधनात फार रस आहे’ असे लिहून चालत नाही. असे शेकडो मेल येतात. त्या प्रयोगशाळेचा एक पेपर पूर्ण वाचा, त्यातल्या एका आकृतीबद्दल तुम्हाला पडलेला खरा प्रश्न दोन वाक्यांत लिहा, तुम्ही कोणत्या तारखांना उपलब्ध आहात ते लिहा आणि थांबा.

तिथे गेल्यावर काय शिकायचे, याचे एक उदाहरण जरा जवळून पाहू. मानवी रक्तातून लिम्फोसाइट आणि मोनोसाइट ह्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करणे हे इम्युनॉलॉजीतले जवळजवळ पहिले काम. १० मिलिलिटर रक्त तितक्याच सलाइनने पातळ करायचे आणि १.०७७ घनतेच्या फायकॉल ह्या जड द्रवावर हलकेच चढवायचे. नळी तिरपी धरून पिपेटचे टोक काचेच्या भिंतीला टेकवले, की रक्त ओघळत खाली येते आणि फायकॉलशी न मिसळता वर तरंगत राहते. हाताला जरासा हिसका बसला तर दोन्ही थर मिसळतात आणि काम तिथेच संपते. मग ४०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या चारशे पट बळाने) ३० मिनिटे, सामान्य तापमानाला, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवून. बाहेर काढल्यावर वर पिवळसर प्लाझ्मा, त्याखाली दुधाच्या सायीसारखे पातळ कडे, मग स्वच्छ फायकॉल आणि तळाशी लाल पेशी दिसतात. आपल्याला हवे असते ते कडे, आणि निरोगी माणसाच्या १० मिलिलिटर रक्तातून त्यात साधारण १ कोटी किंवा त्याहून थोड्या अधिक पेशी मिळतात. ब्रेक चालू राहिला तर कडे विस्कटते. फायकॉल थेट फ्रिजमधून काढून वापरले तर घनता बदललेली असते आणि पेशी नीट वेगळ्या होत नाहीत. रक्त रात्रभर पडून राहिले असेल तर ग्रॅन्युलोसाइट ह्या दाणेदार पांढऱ्या पेशी, ज्या एरवी तळाशी गेल्या असत्या, त्या कड्यात मिसळून येतात.

ही सगळी माहिती लिखित प्रोटोकॉलमध्ये असते. पण ब्रेक बंद का ठेवायचा, हे ज्याने कारणासह समजून घेतले त्याला पुढे वेगळे यंत्र, वेगळा नमुना, वेगळी नळी समोर आली तरी अडत नाही. उन्हाळी कामाच्या दोन महिन्यांत पेपर छापून येण्याची अपेक्षा ठेवू नये. एक तंत्र कारणांसह शिकावे आणि मार्गदर्शकाला तुमच्याबद्दल खरे, तपशीलवार शिफारसपत्र लिहिता येईल इतके नीट काम करावे.

परीक्षा

पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीसाठी सर्वांत महत्त्वाची परीक्षा म्हणजे लाइफ सायन्सेस विषयाची सीएसआयआर-यूजीसी नेट. २०० गुणांच्या ह्या तीन तासांच्या परीक्षेत ‘अ’ भागातले २० पैकी १५, ‘ब’ भागातले ५० पैकी ३५ आणि ‘क’ भागातले ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात, आणि त्यांना अनुक्रमे ३०, ७० आणि १०० गुण असतात. म्हणजे निम्मे गुण अशा २५ प्रश्नांवर आहेत जे तुम्ही स्वतः निवडणार आहात. आपल्या क्षेत्राच्या विद्यार्थ्याने प्राणी शरीरक्रियाशास्त्र, पेशींमधील संदेशवहन व इम्युनॉलॉजी, पेशीजीवशास्त्र आणि प्रयोगतंत्रे एवढे घटक इतके पक्के करावेत की ‘क’ भाग मुख्यतः त्यांतूनच सुटेल. वनस्पती आणि परिसंस्थेचे सगळे घटक सारख्या खोलीने वाचत बसण्याची गरज नाही. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या पाव गुणांची कपात असते, तेव्हा अंदाजाने उत्तर टाकण्याचा मोह आवरावा.

जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर एसआरएफ (वरिष्ठ) म्हणून ४२,००० रुपये, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता, असे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. नेटखेरीज जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी, गेट आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था घेत असलेली जेजीबिल्स ह्या परीक्षाही वेगवेगळ्या संस्थांत ग्राह्य धरल्या जातात. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी बार्टी, सारथी आणि महाज्योती ह्या राज्य शासनाच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्तींकडेही वेळेत लक्ष द्यावे. पात्र असूनही केवळ जाहिरात न पाहिल्यामुळे संधी हुकलेली मुले मला दरवर्षी भेटतात. अधिछात्रवृत्ती कोणतीही असली तरी पैसे प्रत्येक महिन्याला वेळेवर जमा होतीलच असे धरून चालू नये, आणि शक्य असेल त्याने चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच शहर बदलावे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी पूर्ण केलेला विद्यार्थी थेट पीएच.डी.लाही अर्ज करू शकतो. प्रयोगशाळेचा आधी चांगला अनुभव असल्याशिवाय ही उडी मारू नये, असे माझे मत आहे.

मार्गदर्शकाची निवड

सगळ्या वाटेत सर्वांत जास्त वेळ द्यावा असा टप्पा हाच आहे आणि विद्यार्थी सर्वांत कमी वेळ इथेच देतात. संस्थांची नावे आधी पाहू. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, विद्यापीठाच्या आवारात आहे. आयसर पुणे आणि राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थाही पुण्यातच. मुंबईत परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांवर आणि रक्तविकारांवर काम करते, तर परळचीच राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रावर. आईचे शरीर अर्धा परका असलेला गर्भ नऊ महिने कसा स्वीकारते, ह्या प्रश्नात तर दोन्ही शास्त्रे अक्षरशः एकत्र नांदतात. खारघरला कर्करोगासाठी ॲक्ट्रेक आहे. राज्याबाहेर दिल्लीची राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था, फरीदाबादची टीएचएसटीआय, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्था आणि एनसीबीएस, हैदराबादची सीसीएमबी ह्या प्रमुख जागा. पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार हेही विचारून घ्यावे, कारण संशोधन संस्था आणि पदवी देणारे विद्यापीठ पुष्कळदा वेगवेगळे असतात. ॲक्ट्रेकच्या विद्यार्थ्यांना ती होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची मिळते.

संस्था निवडल्यावर मार्गदर्शक निवडायचा. त्यांचे गेल्या पाच-सहा वर्षांतले पेपर काढून पहिल्या लेखकाची नावे लिहून काढा: ते विद्यार्थी होते की पोस्टडॉक, आणि ते आज कुठे आहेत? विद्यार्थ्यांना पीएच.डी.ला सरासरी किती वर्षे लागली? मधूनच सोडून गेलेले किती, आणि का? मग सध्याच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेबाहेर, चहाच्या टपरीवर भेटा आणि नेमके प्रश्न विचारा. ‘सर कसे आहेत?’ या प्रश्नाला सगळेच ‘चांगले आहेत’ म्हणतात. त्याऐवजी ‘शेवटचा प्रयोग फसला तेव्हा सर काय म्हणाले?’, ‘मसुदा दिल्यावर किती दिवसांनी परत येतो?’, ‘अँटिबॉडी संपली तर मागवायला किती वेळ लागतो?’ असे विचारा. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण पेशी किंवा प्रथिने ओळखण्यासाठी वापरायच्या एका अँटिबॉडीची कुपी ३०-४० हजारांची असू शकते, आणि अनुदानाविना चालणाऱ्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याची वर्षे खरेदीच्या प्रतीक्षेत जातात. मोठ्या नावाच्या संस्थेतल्या दुर्लक्ष करणाऱ्या गाइडपेक्षा लहान संस्थेतला रोज टेबलाशी येऊन आकडे पाहणारा गाइड मी केव्हाही निवडेन.

पीएच.डी.ची वर्षे

पहिल्या वर्षी कोर्सवर्क असते, आणि त्याच्या जोडीने परवानग्यांचे काम पहिल्या तीन महिन्यांतच सुरू करावे. प्राण्यांवरच्या प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता लागते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ही व्यवस्था चालते. मानवी नमुन्यांसाठी आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे पाळून मानवी नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णाच्या भाषेतले संमतिपत्र लागते. मराठी संमतिपत्र इंग्रजीवरून शब्दशः उतरवून काढू नका. ते लिहून झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवा आणि त्यांना काय समजले ते विचारा.

ह्यानंतरचा मुख्य विषय म्हणजे कंट्रोल, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो गट. माझ्या स्वतःच्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी एक जनुक काढून टाकलेले, आमच्याकडेच वाढवलेले उंदीर आणि बाहेरून आणलेले सामान्य उंदीर यांच्या आतड्यातल्या टीएच-१७ पेशी (टी-पेशींचा एक प्रकार) मी मोजत होते. फरक ठसठशीत होता, तीनदा प्रयोग केला तरी टिकला, आणि मी आकृतीसुद्धा तयार केली होती. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले की हे दोन्ही गट एकाच आईची पिल्ले आहेत का. ती नव्हती. एकाच वेतातली, एकाच पिंजऱ्यात वाढलेली भावंडे घेऊन प्रयोग केल्यावर फरक नाहीसा झाला. उंदीर कुठून आला त्यावर त्याच्या आतड्यात कोणते जिवाणू आहेत हे ठरते, आणि एका विशिष्ट धाग्यासारख्या जिवाणूच्या असण्या-नसण्यानेच टीएच-१७ पेशींचे प्रमाण बदलते, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले होते. मी ते वाचलेलेही होते, पण माझ्या पिंजऱ्यांना ते लागू केले नव्हते. आठ महिने गेले. तेव्हापासून माझ्या प्रयोगशाळेत वेताची नोंद नसलेला आकडा बैठकीत दाखवता येत नाही.

शरीरक्रियाशास्त्राची नजर इथेच कामाला येते. ॲनिमल हाउसचे तापमान साधारण २० ते २४ अंश ठेवले जाते, ते कपडे घातलेल्या माणसाला सोयीचे असते. उंदराला ऊब राखण्यासाठी जादा शक्ती खर्च करावी लागू नये असे तापमान मात्र ३० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपले बहुतेक प्रयोग सतत थंडीशी झुंजणाऱ्या प्राण्यांवर होतात, आणि ३० अंशांवर ठेवलेल्या उंदरांत कर्करोगाच्या गाठींची वाढ मंदावते व त्यात टी-पेशींचा वाटा असतो असे आढळले आहे. प्रयोग दिवसाच्या कोणत्या वेळी केला, प्राणी उपाशी होता का, नर होता की मादी, त्याला किती वेळा हाताळले, ह्या प्रत्येक गोष्टीने कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक बदलते आणि त्यामागोमाग लिम्फोसाइटही. इम्युनॉलॉजीच्या प्रयोगशाळेत जाणाऱ्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाची सर्वांत मोठी देणगी ही जाणीव असते. लॅब नोटबुकमध्ये तारीख, वेळ, पिंजरा क्रमांक, अँटिबॉडीचा लॉट क्रमांक आणि यंत्राची मांडणी त्याच दिवशी लिहावी. फ्लो सायटोमेट्रीत प्रत्येक रंगाचा स्वतंत्र कंट्रोल, एक रंग वगळून केलेला कंट्रोल आणि मृत पेशी ओळखणारा रंग ह्या तिन्हींत कधीही काटकसर करू नये. मृत पेशी जवळपास कोणत्याही अँटिबॉडीला चिकटतात आणि नसलेल्या पेशीजाती दाखवतात.

यूजीसीच्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षे मिळतात, महिला व दिव्यांग संशोधकांना त्यापुढे २ वर्षांची सवलत मिळू शकते, आणि महिलांना मातृत्व व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. ही रजा हक्काची आहे. ती मागताना संकोच करू नये. २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर प्रसिद्ध झालाच पाहिजे अशी देशव्यापी सक्ती राहिलेली नाही, पण तुमच्या संस्थेची अट वेगळी असू शकते, आणि पोस्टडॉकसाठी पहिल्या नावाचा निदान एक पेपर लागतोच. लेखकांचा क्रम प्रकल्प सुरू होतानाच ई-मेलवर ठरवून घ्यावा. तोंडी ठरलेल्या क्रमावरून तुटलेली नाती मी जवळून पाहिली आहेत.

पोस्टडॉक

इथे विषय, शहर आणि शक्यतो देश बदलावा. पीएच.डी. संपण्याच्या वर्षभर आधी पाच-सहा प्रयोगशाळांना लिहावे आणि त्याच वेळी स्वतःची शिष्यवृत्ती मिळवण्याचा प्रयत्न करावा. युरोपातल्या एम्बो आणि मारी स्क्वोदोव्स्का-क्यूरी शिष्यवृत्ती देश बदलण्याची अट घालतात. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची शिष्यवृत्ती तर देशाबरोबर संशोधनाची दिशाही बदलावी अशी अपेक्षा ठेवते, आणि चेतासंस्थेकडून प्रतिकारशक्तीकडे किंवा उलट जाणाऱ्यासाठी ती फार अनुरूप आहे. भारतात राहायचे असेल तर इंडिया अलायन्सची प्रारंभिक शिष्यवृत्ती आणि राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल शिष्यवृत्ती पाहाव्यात.

ह्या काळात असा एक प्रश्न शोधावा जो मार्गदर्शक तुम्हाला पुढे स्वतःसोबत घेऊन जाऊ देईल. २०२५ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल मानकऱ्यांपैकी शिमोन साकागुची यांनी प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशींचा प्रश्न तेव्हा धरून ठेवला जेव्हा बहुतेक इम्युनॉलॉजिस्टांनी तो सोडून दिला होता. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस, म्हणजे टी-पेशी जिथे तयार होतात ती ग्रंथी, काढलेल्या उंदरांना स्वप्रतिकारक रोग का होतो, ह्या एका निरीक्षणातून ते १९९५ मध्ये पृष्ठभागावर सीडी-२५ हे प्रथिन असलेल्या पेशींपर्यंत पोचले. तुमचा प्रश्न एवढा मोठा नसेल, पण तो तुमचा आहे हे दोन वाक्यांत सांगता यायला हवे. बाहेर पडण्यापूर्वी कोणते उंदीर, कोणती रसायने आणि कोणता प्रकल्प तुमच्यासोबत येणार, हे मार्गदर्शकाकडून लेखी घ्यावे.

नोकरी आणि पहिले वर्ष

परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी आणि रामानुजन ह्या शिष्यवृत्ती, तर तरुण संशोधकांसाठी इन्स्पायर फॅकल्टी, अशा तिन्ही पाच वर्षांच्या योजना आहेत. कामात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचे नवोदित प्राध्यापकांसाठी स्वतंत्र अनुदान आहे. वेतनाचा अंदाज असावा म्हणून सांगते: विद्यापीठ आणि अनुदानित महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून, तर आयसर आणि आयआयटीत पहिल्या श्रेणीच्या सहायक प्राध्यापकाचे १,०१,५०० रुपयांपासून सुरू होते. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या महाविद्यालयीन जागांसाठी पुणे विद्यापीठ घेत असलेली सेट परीक्षाही चालते. महाविद्यालयात अध्यापनाचा भार मोठा असतो. तिथे उंदरांऐवजी मानवी स्वयंसेवकांवर आधारलेले, कमी खर्चाचे शरीरक्रियाशास्त्र निवडावे. व्यायाम, झोप किंवा रात्रपाळीमुळे रक्तपेशींत होणारे बदल अशा प्रश्नांना एक साधे सूक्ष्मदर्शक, जवळची रक्तचाचणी प्रयोगशाळा आणि नैतिकता समितीची मान्यता एवढ्यावर सुरुवात करता येते.

मुलाखतीतल्या व्याख्यानात जुन्या कामाला अर्धा वेळ द्यावा आणि उरलेल्या अर्ध्यात पुढची पाच वर्षे मांडावी. तिसऱ्या वर्षी मुख्य गृहीतक चुकीचे निघाले तर काय कराल, हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तर तयार नसलेला उमेदवार तिथेच मागे पडतो. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात प्राणी नैतिकता समितीचा अर्ज भरावा, कारण मान्यता, उंदरांची आयात आणि पुरेशी पैदास होण्यात सहज एक वर्ष जाते. त्या वर्षात साठवलेल्या मानवी नमुन्यांवर किंवा उपलब्ध माहितीच्या विश्लेषणावर एक लहान पेपर पूर्ण करावा. प्रत्येक नव्या अँटिबॉडीचे योग्य प्रमाण स्वतःच्या यंत्रावर, पाच-सहा पातळ्यांवर तपासून भिंतीवर लावावे. पहिला विद्यार्थी घेण्यापूर्वी त्याच्या टेबलाशी दररोज अर्धा तास बसता येईल असे वेळापत्रक आखावे, आणि पहिले फायकॉल त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने चढवून दाखवावे.